रँकिंगचं गाऱ्हाणं

पहिल्याच फेरीत हरून मी घरी आलो तेव्हा माझं नशीब माझ्या हातात उरलं नव्हतं. ते माझ्या मित्राच्या हातात होतं, आणि त्याचा सामना अजून व्हायचा होता.

व्यावसायिक स्नूकरचा हा हिशेब आमच्या वाडीत सांगून सांगून मी आता त्यात तरबेज झालो आहे. हंगामभर रँकिंगच्या स्पर्धा होतात. जिंकाल तसे यादीत वर चढता. हंगाम संपला की यादीवर एक रेघ ओढतात. रेघेच्या वरचे पुढच्या वर्षी खेळतात, खालचे घरी बसतात. मी रेघेच्या वर शेवटचा होतो आणि मित्र रेघेच्या खाली पहिला. हंगामाची शेवटची स्पर्धा. मी त्यातून बाहेर पडलेलो. तो त्याचा सामना जिंकला तर तो राहणार, मी जाणार. हरला तर मी राहणार, तो जाणार.

परदेशात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, एका कुकरचा भात खायचो. निघताना माझी क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, लांब पेटी बसपर्यंत त्यानंच उचलून आणली. "तुमच्या गावच्या देवाला माझंही सांग रे," म्हणाला. हसत म्हणाला, पण पेटीची मूठ काही सोडेना.

त्या पेटीचं आमच्याकडे भलतंच कौतुक आहे. जंगलात शिरताना नाक्यावरचा वनरक्षक ती दर वेळी उघडायला लावतो, कारण त्याला आत बंदूक असणार अशी खात्री असते. या वेळीही लावली. काठी बघून त्याची निराशा झाली. "एवढ्याशा काठीसाठी इमानात बसून जातोस व्हय?" म्हणाला. एरवी मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी मात्र मी नुसती पेटी बंद केली आणि कुंभारवाड्याची गाडी धरली. तिथून पुढं वाडीपर्यंत चालतच जावं लागतं.

वाडीत चार घरं, त्यातलं आमचं शेवटचं, जंगलाला लागून. वडील धरणाच्या कॉलनीतल्या साहेबांच्या क्लबात राखणदार होते. त्यांच्यामुळं मला स्नूकरचं हिरवं टेबल मिळालं आणि मी बिघडलो. वडील गेले आणि त्याच वर्षी मी परदेशी खेळू लागलो. तेव्हापासून घरात आई एकटी. मला भात लावता येतो, पण वाकडातिकडा. लाकूडतोडीला गेलो तर पहिल्या दिवशी पाय तोडून घेईन. रेघेच्या खाली गेलो तर करणार काय, हेच स्वतःला विचारत मी रात्र काढली.

"गाऱ्हाणं घालू या," आई सकाळी म्हणाली.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं नारळ ठेवून गावकारानं चार माणसांदेखत मोठ्यानं मागणं मागायचं, आणि त्याच्या दर वाक्याला सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. गावकार हे आमच्या वाडीतले मानाचे म्हातारे. देवळाशी माणसं जमली. मी त्यांना माझं सांगितलं आणि मित्राला शब्द दिला होता म्हणून त्याचंही सांगितलं.

गावकारांनी नारळ खाली ठेवला. "म्हंजे तुलाबी ऱ्हायाचं हाय, नि त्यालाबी?"

"व्हय, काका."

"पण जागा एकच हाय म्हणालास."

"व्हय."

"मग देवानं काय करायचं? तुझ्यावाणी आमी देवाला घोळात घालत न्हाई. एक नारळ, एक मागणं. कुणाचं मागू, सांग."

माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं म्हणायचं तर त्या दोस्ताची हार मोठ्यानं मागायची, तीही देवापुढं, सगळ्या वाडीच्या साक्षीनं. त्याचं म्हणायचं तर आपल्याच पायावर धोंडा. शेवटच्या काळ्या चेंडूवर सामना अडलेला असतानासुद्धा माझी अशी गत कधी झाली नव्हती.

"त्या पोराचं मागा, भावजी," मागून आई म्हणाली.

सगळे वळले. आईनं पदर नीट केला आणि परत तेच सांगितलं. गावकारांनी नारळ परत उचलून देवापुढं ठेवला आणि हात जोडले. परमुलखात खेळणाऱ्या त्या लेकराला यश दे म्हणाले. वाडी म्हणाली, व्हय महाराजा. त्याची जागा त्याला मिळू दे म्हणाले. व्हय महाराजा. माझ्या गावानं माझ्या डोळ्यांदेखत माझी हार मागितली आणि मीही, सवयीनं, सगळ्यांबरोबर व्हय म्हणालो.

परतताना बायका आईचं कौतुक करत होत्या. दुसऱ्याच्या लेकरासाठी मागितलं, केवढं मन! मलाही क्षणभर तसंच वाटलं. घराच्या वाटेला लागल्यावर मी तिला विचारलं, एवढं मन कुठनं आणलंस.

"मन न्हाई नि बिन न्हाई," ती म्हणाली. "तुझी जागा गेली तर घरी ऱ्हाशील. मला भ्या वाटतंय रे. काजूच्या बोंडांना अस्वल येतंय, पार घरामागच्या परड्यापतूर येतंय. दिवस मावळायच्या आत मी दार लावून घेते. मग बाहेर काय बी वाजू दे, मी उघडत न्हाई. तुला कवा बोलले न्हाई, एवढंच."

मला राग आला. देवापुढं डाव साधलास, असं मी बोलून गेलो. मग रागाच्या जागी भीती आली, कारण आईचं मागणं देव मोडत नाही असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि माझा त्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी, सामन्याच्या दुपारी, मी डोंगराच्या धारेवर गेलो. आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती तिथल्या एका खडकावर, तीही एकाच बाजूला तोंड करून बसलं तर. खेळ दिसत नव्हता, नुसते आकडे. दहा फ्रेम, म्हणजे डाव, आधी जिंकेल तो पुढं जाणार. मित्र मागं होता, मग बरोबरीला आला, मग पुढं गेला. नऊ-सात. त्याला एकच फ्रेम हवी होती.

तेवढ्यात खालच्या झाडीत वानरं खाकरली. कोरडा, घोगरा आवाज, जो ती वाघ-बिबट्या दिसल्यावर काढतात. एकदा, दोनदा, मग सगळीकडून. अक्कल असलेला माणूस उठून वाडीकडे सुटला असता. पण उठलो तर रेंज जाणार. मी जीव मुठीत धरून तिथंच बसलो, एक डोळा झाडीवर आणि एक आकड्यांवर. नऊ-आठ. वानरं गप्प झाली, ते जास्तच वाईट होतं. खाली पाचोळ्यात काहीतरी सावकाश चालत गेलं. नऊ-नऊ. मग आकडा कितीतरी वेळ हललाच नाही, आणि हलला तेव्हा मित्र हरला होता.

मी ओरडलो. आनंदानं की भीतीनं, मला आजही सांगता येणार नाही. जरा वेळानं त्याचा निरोप आला: तू राहिलास. आईला सांग, खूश होतील.

मी तो दोनदा वाचला. फोन खिशात घातला. उन्हं कलली होती, उतरायला हवं होतं.

अर्ध्या वाटेवर, ओहोळाच्या वळणावर, आई उभी होती. हातात कोयता. दिवस कलला की दाराबाहेर पाऊल न टाकणारी बाई, मला उशीर झाला म्हणून एकटी एवढं चढून आली होती. धापा टाकत होती.

"माझी जागा राहिली, आई," मी म्हणालो. "तो हरला."

ती खालच्या दगडावर बसली. मला वाटलं, आता रडेल. "नारळ द्याया पायजे देवाला," म्हणाली.

"कशाला? त्यानं तुझं कुठं ऐकलं?"

"न्हाई ऐकलं म्हणूनच द्याया पायजे. ऐकलं असतं, तर तू घरात बसून जल्मभर माझ्याकडं बघत बसला असतास. गाऱ्हाणं घातलं तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाई माझा. अस्वलाचं भ्या परवडलं, रे."

मी तिच्याजवळ बसलो. काल बोललो होतो ते मागं घ्यावंसं वाटत होतं. अंधार पडायला लागला तशी तीच उठली.

"मग कवा जाणार?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती कोयता उचलून पुढं झाली आणि घराकडं चालू लागली.