साबणाने बुजवलेली टाकी
कपड्यांच्या साबणाची नवी वडी फोडली की त्या वासासरशी मला गारगोटी गावाच्या अलीकडचं ते वळण आठवतं. वहिनीला कळा सुरू झाल्या म्हणून भाऊ आणि मी तिला जीपमधून दवाखान्यात नेत होतो, आणि वाऱ्याने उन्मळलेलं जांभळीचं झाड रस्त्यात आडवं पडलेलं. लाकूड कापायची मशीन जीपमध्येच होती, पण तिच्या तेलाच्या टाकीला तडा गेला होता; ओतलेलं तेल लगेच गळून जाई आणि तेलावाचून तिची कापणारी दातेरी साखळी तापून अडकली असती. भाऊ डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात मागच्या सीटवरून वहिनी ओरडली, "माझ्या पिशवीत साबण हाय की! त्यो लावा!" मी टाकी कोरडी पुसली, साबण मळून तड्यात दाबला, भावाने वरून जुन्या ट्यूबची पट्टी आवळली. पुन्हा तेल ओतून आम्ही वाकून बघत राहिलो. थेंबही गळला नाही! मशीन सुरू झाली, ओला भुसा तोंडावर उडाला, खोड तुटलं, आम्ही ओंडका ढकलून वाट केली. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोड्याच वेळात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि भाऊ दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला. पुतणी आता कॉलेजला जाते. तरी तिच्या वाढदिवसाला मला आनंदाच्या आधी सुटल्यासारखं वाटतं.