खंडेनवमीला एकटाच

घाटाखालच्या कारखान्यात मी मोटारींच्या पत्र्याचं पोलाद ओतायचो. वितळलेलं पोलाद साच्यातून चार बोटं जाडीची लाल लादी होऊन उतरतं आणि निवायच्या आत लांबलचक भट्टीतून थेट रोलरखाली जातं. एकदा धार सुरू झाली की मधे थांबवता येत नाही. म्हणून खंडेनवमीची पूजासुद्धा चालू कामातच व्हायची. नारळ मात्र लांब दाराबाहेर फोडायचे, कारण उकळत्या पोलादापाशी पाण्याचा थेंब चालत नाही.

त्या दिवशी लोक आपापल्या बायकांना घेऊन यायचे. आमची विट्याकडं गावी असायची. दरवर्षी विचारायची, "आवं, मला कवा दावताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? धग लागून पडशील."

"चुलीपुढं जन्म गेला माझा. मला धग सांगताय व्हय?"

मी हसण्यावारी न्यायचो. खरं सांगतो, नऊवारीतली बायको साहेबांपुढं न्यायची मला लाज वाटायची.

ती जाऊन वर्ष झालं. यंदा कारखान्यानं निवृत्त माणसांना जोडीनं बोलावलं. मी एसटीनं एकटाच गेलो. लाल लादी उतरली तशी माझ्या जुन्या जोडीदाराची म्हातारी पदर तोंडाला लावून ओरडली, "आगं बया, केवढं लाल!" तिला कुणी हसलं नाही. तरुण साहेबानं उलट तिला खुर्ची दिली.

मग तो माझ्याकडं वळला. "काका, काकी नाही आल्या?"

"घरी काम हाय तिला."

"पुढच्या वर्षी नक्की आणा."

मी व्हय म्हणालो.