मोजलेला तांदूळ

जावयाने बायको-मुलीला घेऊन आपल्या आजोबांच्या गावी परत जायचं ठरवलं, तेव्हा मी फोनवरच भडकलो. जावई जपानी, आणि ते गाव अणुभट्टीच्या अपघातानंतर रिकामं केलेलं. आता राहायला परवानगी मिळाली होती आणि लोक परतत होते, बहुतेक म्हातारे.

"मग म्हाताऱ्यांना जाऊ दे, तुला कसली घाई?" मी लेकीला म्हटलं.

"बाबा, शेतं साफ केलीत."

"शेत काय टोप हाय गो, घासला नि पालथा घातला?"

खरं तर शेत साफ कसं करतात हे मला ठाऊक होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. आम्ही वडखळकडचे, खारेपाटातले. खाडीचा बांध फुटला की त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जळतो. उपाय शेंबड्या पोराला माहीत असतो. बांध घालायचा, पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, खार उतरला की ते खाडीत सोडून द्यायचं. दोन-तीन पावसाळ्यांत भात पुन्हा उभा. हे सगळं मी लांबलचक आवाजी मेसेज करून जावयासाठी पाठवून दिलं. लेकीने भाषांतर केलं, आणि त्याने म्हणे मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं. पोरगा गुणी आहे, त्याबद्दल वाद नाही.

मग लेकीने माझी शाळा घेतली. अणुभट्टीतून उडून मातीवर बसलेलं सीझियम मिठासारखं नसतं. ते चिकणमातीला असं धरून बसतं की पावसाने सुटत नाही, वरच्या बोट-दोन बोटांच्या थरातच राहतं. म्हणून तो थरच खरवडून नेला आणि दुसरी माती आणून टाकली. उरलंसुरलं मातीनेच पकडून ठेवलेलं, त्यामुळे भाताच्या मुळांना फारसं मिळत नाही. वर पोटॅशचं खत द्यायचं, म्हणजे मूळ पोटॅश घेतं आणि सीझियमकडे बघत नाही. तीस वर्षांत ते आपोआप निम्मं होतं, पुढच्या तीस वर्षांत त्याचंही निम्मं.

"बरं, मग साठ वर्षांनी येतो बघायला," मी म्हटलं. "आणि घरामागचं रान?"

ते तसंच आहे, ती म्हणाली. रान कोण खरवडणार? तिथे पाला पडतो, कुजतो, आणि त्यातलं सीझियम फिरून झाडात चढतं. रानातली अळंबी अजून कुणी खात नाही. झालं! त्या जमिनीचं एक शीतही तोंडात घालणार नाही, असं मी जाहीर करून टाकलं.

बोलून गेलो, पण आमच्या घरात नवा भात सगळ्यांनी एका पंगतीला बसून खायची रीत आहे. एकजण जरी उठला तरी नवं झालं असं आम्ही धरत नाही. पाहुणा म्हणून सुटका होते, बाप म्हणून होत नाही. "पोरीचं घर परकं हाय, असं सरळ सांगा ना तिला," बायको म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ते तिकडे राहायला गेलेच, आणि वर्षभराने थंडीत लेक आली. बरोबर पाच वर्षांची नात आणि पिशवीभर तांदूळ, त्यांच्या शेतातला पहिला. रोह्याजवळ माझ्या मेव्हण्याच्या शेतावर पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा, बेत ठरला. रात्री तिथेच तो भात शिजणार होता, आणि मी काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे होते. मीही हट्टाला पेटलो होतो.

पोपटीला वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला भरावा लागतो, आणि तो बांधावर फुकट उगवतो. नातीला म्हटलं, चल गो, पाला तोडू. ती उड्या मारत आली आणि गवताच्या कडेला येऊन थांबली. हात पाठीमागे बांधले.

"आजोबा, हे मोजलंय?"

मला हसू आलं. आपलंच रान, मोजायचं काय त्यात, असं ओठांवर आलंही. पण तिला खरंच उत्तर हवं होतं. मी याच तालुक्यातल्या केमिकल कंपनीत तिन्ही शिफ्ट केल्या. कुठला वास आला की वारा कुठून वाहतोय हे आम्ही खिडकीतूनच सांगायचो, आणि त्याची गंमत वाटायची. पण या बांधावर कुणी यंत्र घेऊन आलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. तिच्या गावात दर मोसमाला मातीतलं सीझियम मोजतात, तांदळातलंही मोजतात.

"नाय गो," मी म्हटलं. "हितं कुणी मोजत नाय."

तिने मान हलवली आणि हात पाठीमागेच ठेवले. पाला मी एकट्याने तोडला.

पोपटी मस्त झाली. नातीने मात्र एकही शेंग घेतली नाही. भात शिजला तेव्हा बायको माझं ताट वाढायचं की नाही म्हणून थांबली होती. मी नातीशेजारी जाऊन बसलो.

"वाढ," मी म्हटलं. "मोजलेला हाय तो."