केशरबाईंनी लावलेली सक्ती

आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात दूध संस्थेच्या पंच कमिटीवर बाईची एक जागा राखीव होती, म्हणून केशरबाई कमिटीवर आल्या. चेअरमन भगवानरावांना वाटलं होतं, विधवा बाई आहे, बैठकीला येईल, सही करील आणि जाईल. पहिल्याच बैठकीत केशरबाईंनी विचारलं, "दुधाचं माप सकाळी येगळं अन् संध्याकाळी येगळं कावून येतं?" तेव्हापासून भगवानराव त्यांच्याशी जरा जपून बोलायला लागले.

केशरबाईंचे मालक रामकिसन हे पोटदुखीनं गेले होते. आतडं फुटलं होतं. नगरला नेलं असतं तर वाचले असते, असं मागून डॉक्टर म्हणाले. पण नगरला न्यायचं म्हणजे आधी पैसा लागतो. केशरबाई दिवसभर गावातून पैसा गोळा करत फिरल्या आणि रामकिसन दिवसभर बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिले. जीप गावाबाहेर पडली तेव्हा ते बोलत नव्हते. हे केशरबाई कुणाला सांगत नसत. गाई पाळल्या, लेकीचं लग्न केलं, संसार नेटाने चालवला.

आणि मग तालुक्याच्या दूध संघानं विम्याची योजना आणली. सभासदानं आजारपणाचा विमा घ्यायचा, हप्ता दुधाच्या बिलातून कापायचा, आणि घरातलं कुणी आजारी पडलं तर नगरच्या ठरलेल्या दवाखान्यात फुकट इलाज. अट एकच होती. संस्थेतल्या सगळ्या सभासदांनी घ्यायचा. एकाही माणसाला वगळायचं नाही. ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलं तर फक्त दुखणाईत माणसंच विमा घेतील आणि योजना बुडेल, असं संघाचं म्हणणं.

यावर वार्षिक सभेत दुपारभर वाद झाला. डेअरीच्या पत्र्याखाली पुरुष सतरंजीवर आणि बायका भिंतीकडेला बसल्या होत्या. विरोधात उभे राहिले धोंडीराम. दोन गाई, थोडी कोरडवाहू जमीन, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. रामकिसनचे ते जिवाभावाचे दोस्त. केशरबाईंना ते वैनी म्हणत आणि केशरबाई त्यांना भाऊजी.

धोंडीराम म्हणाले, "विमा वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. पण गाय माझी, दूध माझं. त्याच्या पैशातून मी काय इकत घ्यायचं हे दुसरा कोण ठरविणार? आज संस्था म्हणती, उद्या सरकार म्हणंल. सरकारला तरी असं म्हणायचा हक हाय का, की बाबा, हे तू इकत घेतलंच पाहिजे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मोटारसायकलीचा इमा सक्तीचाच हाय की."

"मोटारसायकल न्हाई घेतली तर इमा बी न्हाई," धोंडीराम म्हणाले. "म्या घेतलीच न्हाई. आता हितं तर जिता हाय एवढ्याच कारणानं कापणार. मग सुटका कशी व्हायची? मरून?"

सभेत हशा पिकला. पुष्कळांना ते पटलं होतं. भगवानराव हातातला कागद उलटसुलट करत राहिले. तेव्हा केशरबाई भिंतीकडून उठल्या.

"भाऊजी, एक इचारते. माणूस आजारी पडला की गाव वर्गणी काढतं का न्हाई?"

"काढतं."

"तवा दाराशी आलेल्याला न्हाई म्हणता येतं का? लाजंकाजं द्यावंच लागतं. ती सक्तीच हाय, फक्त कुणी तसं म्हणत न्हाई. अन् वर्गणी निघूस्तवर माणूस थांबत न्हाई. तुमच्या दोस्ताचं काय झालं, तुमी बघितलंय."

केशरबाईंचा आवाज चढला. "म्हणून आधीच द्या. सगळ्यांनी द्या. ज्याला काही होणार न्हाई त्यानं बी द्या, मंजी ज्याला होईल त्याला दारोदार फिरावं लागणार न्हाई."

बायकांनी आधी हात वर केले. मग पुरुषांचे एकेक करून आले. ठराव मंजूर झाला. धोंडीरामांनी हात वर केला नाही, पण निघताना केशरबाईंजवळ थांबून म्हणाले, "रामकिसनचं नाव काढलं, वैनी. मग मी काय बोलणार?"

पहिलं वर्ष बरं गेलं. गावातल्या एका पोरीचं विषमज्वराचं आजारपण विम्यात निघालं, एका म्हाताऱ्याचा मोतीबिंदू निघाला. धोंडीरामांच्या बिलातून दर महिन्याला कपात होत होती आणि ते काही बोलत नव्हते. केशरबाईंना लोक रस्त्यात थांबवून म्हणत, बाईनं चांगलं काम केलं. त्यांना ते ऐकायला आवडायचं.

पुढं पावसानं दगा दिला, दुसऱ्या वर्षी तर आलाच नाही. दोन हजार तीनचा तो दुष्काळ. विहिरी आधी गेल्या, मग कडबा संपला, आणि सरकारनं चारा छावणी उघडली तेव्हा जवळजवळ अख्ख्या गावाची जनावरं तिकडं गेली. जनावरांबरोबर माणसंही गेली. धोंडीरामांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे धोंडीराम आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई, दोघं छावणीतच उसाच्या पाचटाचं खोपट घालून राहिले. उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पानांवर, गाई जगल्या, पण आटल्या. डेअरीत कॅन रिकामे पालथे पडून असत. केशरबाईंच्या बोअरला थोडं पाणी होतं, म्हणून त्यांच्या एका गाईचं दूध तेवढं चालू राहिलं.

एका सकाळी छावणीत टँकर उशिरा आला. पाण्याचा वास लागताच जनावरं दावी तोडून हौदाकडं धावली. चंद्रभागाबाई हौदाशी घागर भरायला वाकल्या होत्या. कुणाच्या तरी बैलाची धडक बसली आणि त्या हौदाच्या कडेवर आपटल्या. उठवायला गेले तर पाय वेगळाच पडलेला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

निरोप आला तशा केशरबाई धावत गेल्या. धोंडीराम बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि नुसते इकडंतिकडं बघत होते.

"घाबरू नका भाऊजी," केशरबाई म्हणाल्या. "आपला इमा हाय. सरळ नगरला नेऊ."

जीपमध्ये मागच्या बाकावर चंद्रभागाबाईंना आडवं घातलं. प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडत होत्या आणि प्रत्येक वेळी केशरबाई म्हणत होत्या, "आता आलंच नगर." दवाखाना स्वच्छ होता. स्ट्रेचर लगेच आलं. डॉक्टरांनी फोटो काढला, खुब्यात प्लेट बसवावी लागेल म्हणाले. केशरबाईंनी मोठ्या विश्वासानं खिडकीशी जाऊन संस्थेचं नाव सांगितलं. आतल्या मुलीनं दोनदा शोधलं.

"यांचं नाव नाही, मावशी."

"आसल. नीट बघा. धोंडीराम."

"होतं. बंद झालंय. तीन महिने दूध घातलं नाही, कपात झाली नाही, म्हणून सभासद बंद दाखवलाय."

ही अट केशरबाईंना माहीत नव्हती. सभेत ती कुणी वाचली नव्हती आणि त्यांनीही विचारली नव्हती. मागं वळून धोंडीरामांना काय सांगायचं हे त्यांना कळेना. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी गाय आटली तसा इमा बी आटला." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं केशरबाईंना वाटलं.

चंद्रभागाबाईंना सरकारी दवाखान्यात हलवून, पायाला वजन बांधून ठेवलं. प्लेट बाहेरून आणून द्या, मग बघू, असं तिथं म्हणाले. दुसऱ्या दिवशी केशरबाई एकट्या आष्टीला संघाच्या कचेरीत गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला.

"बाई, करार कंपनीचा आहे. हप्ता नाही तर विमा नाही."

"हप्ता त्यांनी बुडिवला न्हाई, साहेब. त्यांच्याकडून कुणी मागितलाच न्हाई. मागितला असता तर दिला असता."

"दूधच नव्हतं तर कापणार कशातून?"

"घेताना तुमी म्हणाला, सगळ्यांनी घ्यायचाच, एकाला बी सोडायचं न्हाई. त्यांला नको होता, तरी म्या घ्यायला लावला. त्यांला भाईर पडायची मुभा न्हवती. मग तुमाला त्यांला भाईर काढायची मुभा कुणी दिली?"

साहेबानं कराराचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. "तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण माझ्या हातात काही नाही."

"आता सगळे राहिलेले हप्ते म्या भरते."

"अपघात झाल्यावर भरून चालत नाही."

भगवानरावांनी विमा कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला एक अर्ज पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. मग केशरबाई वर्गणीला निघाल्या. सभेत त्यांनीच म्हटलं होतं की दाराशी आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. आता दारं बंद होती. माणसं छावणीत होती, नाहीतर उसाच्या फडात. छावणीत खोपटाखोपटातून फिरल्या. लोकांनी बसा म्हटलं, चंद्रभागाबाईंची विचारपूस केली, पण पैशाचं कुणी काढलं नाही. एका म्हातारीनं ओच्यातली ज्वारी पुढं केली. स्वतःची दुभती गाय विकावी म्हणून त्यांनी व्यापारी बोलावला, तर त्यानं बरगड्यांवरून हात फिरवला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

चंद्रभागाबाईंना तसंच घरी आणलं. हाड जुळलं, पण तिरपं. पाय आखूड झाला आणि गुडघा दुमडेना. त्या बसूनच, हाताच्या जोरावर सरकत घरात हिंडू लागल्या. भाकरी धोंडीराम थापायचे. मुलगा आणि सून येऊन बघून गेले, रडले, आणि पुन्हा तोडीला गेले, कारण न जाऊन भागणार नव्हतं.

केशरबाईंनी कमिटीत ठराव मांडला की दुष्काळात दूध आटलं तरी सभासदाचा विमा चालू ठेवावा. कमिटीनं तो मंजूर केला. संघानं 'विचाराधीन' असा शेरा मारून ठेवून घेतला. त्या राजीनामा घेऊन भगवानरावांकडं गेल्या, तर ते म्हणाले, "राखीव जागा हाय. तुमी गेला तर माझ्या घरातल्या बाईला बसवतील, अन् ती तर तोंडच उघडत न्हाई. ऱ्हावा." त्या राहिल्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणी उठली. धोंडीरामांची एक गाय छावणीतच मेली होती, दुसरी व्यायली आणि डेअरीत पुन्हा दूध जाऊ लागलं. पहिलं बिल घेऊन धोंडीराम केशरबाईंच्या दारात आले.

"कापलं, वैनी. आमी पुन्ना इम्यात आलाव."

केशरबाईंचा चेहरा उजळला. "मग चंद्रभागाबाईंचा पाय? आता नगरला—"

"इचारून आलो. म्हणत्यात, आधीचं दुखणं बसत न्हाई. नवीन काही झालं तर या."

केशरबाईंनी विचारलं, "भाऊजी, तुमी मला एकदा तरी शिव्या का देत न्हाई?"

"कुणाला द्यायच्या?" धोंडीराम म्हणाले. "तुमी म्हणला ते खोटं न्हवतं. मी म्हणलो ते बी खोटं न्हवतं. अन् ही तिकडं घरात बसलीय." ते दूध घालायला निघून गेले.

केशरबाई रोज चंद्रभागाबाईंकडं जात राहिल्या. न्हाऊ घालत, वेणी घालत, अंथरूण झाडत. एकदा वेणी घालता घालता त्यांना रडू फुटलं आणि थांबेना. चंद्रभागाबाईंनी वेणी त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

"केशरबाई, रडायचं आसंल तर तुमच्या घरी रडा," त्या म्हणाल्या. "हितं आलाव तर मला तेवढं उन्हात सरकवा. सकाळपासून पाय गार पडलाय."

केशरबाईंनी डोळे पुसले. त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओट्याच्या कडेला, जिथं ऊन आलं होतं तिथं, हळूहळू ओढत नेलं.