माझ्या दारातली जाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि त्यांना तर मी दूध किती उतू गेलं तेही सांगते. चार वर्षं झाली. सकाळी दार झाडताना रोज ओठांवर येतं, आणि रोज मी ते गिळून चहा टाकायला आत जाते. आज लिहून टाकते. मध्येच भरकटले तर समजून घ्या — नाही, समजून नका घेऊ. तेवढंच तर नको आहे.

मी शिक्षिका होते. वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी एकतीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माहेर रिठदचं, म्हणजे फार लांबची नाही. गावात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. निम्म्या गावाचे कान मी पिळलेले, त्यामुळे माझ्या शब्दाला मान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या मानापायी झालं.

माझ्या लहानपणी पावसाची झड लागायची. आठ-आठ दिवस रिपरिप, कपडे वाळायचे नाहीत, पण कुणाच्या घरात पाणी शिरल्याचं कधी ऐकलं नाही. आता वीस दिवस कोरडं जातं आणि मग आभाळ दोन तासांत महिन्याचा पाऊस ओतून मोकळं होतं. त्यात आमचा लेआऊट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली नवी कॉलनी. इथे पूर्वी तुरीची वावरं होती, पाणी जिरायचं. आता रस्ता काँक्रीटचा, अंगणं फरशीची. मग पाणी जाणार कुठे? उतारावरून वाहत ते थेट माझ्या फाटकासमोर येतं. तिथे रस्त्यात एक मोठी लोखंडी जाळी आहे, तिच्यातून बंद नालीत उतरतं आणि गावाबाहेर जातं. जाळी बुजली तर पाणी सरळ खालच्या पत्र्याच्या वस्तीत.

हे मला कुणी शिकवायला नको होतं. मीच शिकवत होते! गावात पाणी तुंबायला लागलं तेव्हा जिल्ह्याहून साहेबलोक आले, त्यांनी बैठक घेतली, प्रभागाची समिती केली आणि अध्यक्ष कोण — तर बाई. 'जाळी मोकळी ठेवा' असे कागद मी मुलींकडून रंगवून घेतले आणि खांबाखांबावर लावले. एक माझ्याच फाटकावर होता.

परसराम दर सोमवारी ती जाळी साफ करायचा. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा माणूस. पूर्वी दिवाळी झाली की बायको-पोरीला घेऊन ऊसतोडीला जायचा. पोरगी रोशनी माझ्या वर्गात होती, हुशार, आणि दरवर्षी अर्ध्यातून तिची शाळा सुटायची. मीच त्याच्या मागे लागले की बाबा रे, इथेच काहीतरी धर, पोरीला शिकू दे. त्याला ठेकेदाराकडे नाल्या साफ करायचं काम लागलं आणि ते तिघं खालच्या वस्तीत राहायला आले. रोशनी नववीपर्यंत पोचली. ते काम म्हणजे तिची शाळा होती — हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

आता येते त्यावर. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस घर माणसांनी भरलेलं, मधल्या दिवशी जेवण, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. जागा पुरत नाही म्हणून मांडव दारात, रस्त्यावर. आदल्या वर्षी पंगतीत माझ्या अकोल्याच्या नणंदेने नाकाला पदर लावला होता. जाळीचा वास. बोलली काही नाही, नुसता पदर. तो पदर माझ्या डोक्यातून वर्षभर गेला नाही. एवढीशी गोष्ट — पण मी तशीच आहे, कुणी नाक मुरडलेलं मला खपत नाही.

म्हणून त्या वर्षी मी जाळीवर फ्लेक्स टाकला. घरात पडून होता — माझ्याच सेवापूर्तीचा, हार घातलेला माझा हा एवढा मोठा फोटो. चेहरा खाली करून अंथरला, वरून मुरूम टाकून दाबून घेतला. जमीन कशी सपाट झाली! वास नाही, चिखल नाही. तीनच दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं.

तो सोमवार होता, महालक्ष्म्या बसायचा दिवस. परसराम फावडं घेऊन आला आणि मुरूम बघून थबकला. म्हणाला, "बाई, जाळी उघडी करा लागते. आभाळ भरून राह्यलं."

मी काय सांगितलं असेल? की महालक्ष्म्या बसल्या की उठेपर्यंत दारातली माती उकरत नाहीत, दोष लागतो. असा कुठलाही नेम नाही. माझ्या सासूला नव्हता, आईला नव्हता. मी तिथल्या तिथे रचला, आणि वर्गात पाढा सांगावा तशा ठाम आवाजात सांगितला. त्याने चपला काढल्या, फाटकातूनच आत हात जोडले आणि फावडं खांद्याला लावून परत गेला. बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी पंगत बसली आणि पाऊस सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत मांडव फाटला. पानं उचलून सगळे आत पळाले, पंगत बैठकीच्या खोलीत बसवली, हसणं-खिदळणं चालूच. मी खिडकीशी गेले. रस्ता भरून पाणी येत होतं — तांबडं, वेगात — आणि माझ्या दारावरून न थांबता खाली जात होतं. तो मुरूम इतका घट्ट बसला होता की हलत नव्हता.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, त्यात काही शंका ठेवू नका. घरात आठ-दहा धडधाकट पुरुष जेवत होते. नुसतं म्हणायचं होतं — उठा, दारात खणा, खाली जाळी आहे. पण मग विचारलं असतं ना, जाळीवर हे टाकलं कुणी? समितीच्या अध्यक्षबाईंनी? नणंद समोरच बसली होती. मी आंबिलीचं भांडं उचललं आणि वाढायला गेले. सगळ्यांना आग्रह केला. आंबील पानाबाहेर सांडली, तर कुणीतरी म्हणालं, बाई दमल्या.

पुन्हा खिडकीशी आले तेव्हा खालून परसराम येत होता. पाण्याला कापत, नखशिखांत भिजलेला, हातात फावडं. फाटलेल्या मांडवाच्या कापडाआड तो एकटाच खणत होता. मग त्याने ओढून फ्लेक्स बाहेर काढला आणि पाणी घरघरत आत उतरलं. त्याने फ्लेक्सकडे पाहिलं. माझा चेहरा होता त्याच्यावर. त्याने खिडकीकडे पाहिलं — मी पडदा सोडला. काय बाई आहे मी! पडदा सोडला आणि मागे सरकले.

संध्याकाळी तो फ्लेक्स आमच्या ओट्यावर होता. नीट घडी घातलेला, फोटो आतल्या बाजूला.

खालची सगळी घरं कमरेपर्यंत भरली होती. धान्य गेलं, बांधलेल्या शेळ्या मेल्या, एका म्हातारीच्या अंगावर भिंत पडून मांडीचं हाड मोडलं. रोशनीची वह्या-पुस्तकं लगद्यासारखी झाली. मी दोन दिवस तिथे खिचडी वाटली. लोक म्हणाले, बाईंसारखं माणूस नाही.

चौथ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये चौकशी बसली. साहेबांनी परसरामला विचारलं, जाळी का साफ केली नाही? तो म्हणाला, गेलो होतो, जमलं नाही. का नाही जमलं? तो माझ्याकडे पाहत होता, नुसता पाहत होता. रागाने नाही. वाट बघावी तसा. साहेब माझ्याकडे वळले — बाई, तुमच्याच दारातली जाळी, हा आला होता का सोमवारी?

मी म्हणाले, "नाही. या आठवड्यात तो फिरकलाच नाही."

रोशनी दाराशी उभी होती. परसरामने मान खाली घातली आणि म्हणाला, "बाई म्हनतात तं तसंच असन."

बस. एवढंच. त्याने फ्लेक्सचं नाव काढलं असतं तर मी काय केलं असतं? तेही नाकारलं असतं बहुतेक. अहवालात लिहिलं गेलं की जाळीतला गाळ वेळेवर न काढल्यामुळे पाणी तुंबलं. ठेकेदाराने त्याला काढलं. गावानेही तोच धडा घेतला — सफाईवाल्यांवर लक्ष ठेवायचं. आज आमच्या लेआऊटमध्ये किती दारांतल्या जाळ्या फरशीखाली आहेत, ते कुणी बघत नाही. मी बघते. बोलत नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

दिवाळीनंतर रोशनी आली. ते पुन्हा ऊसतोडीला, कारखान्यावर निघाले होते. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. "बाबा म्हने, जायच्या आधी बाईच्या पाया पडून ये." पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सांगू — तिकडेही अभ्यास सोडू नको म्हणाले. ती आता तिकडेच असते. गेल्या वर्षी लग्न झालं, तीही तोडीवर जाते.

मी अजून समितीची अध्यक्ष आहे. परवाच बैठक झाली, बोलले, टाळ्या पडल्या. फ्लेक्स माळ्यावर आहे, घडी तशीच. अहवाल कुठल्याशा कपाटात असेल, त्यात गाळ लिहिलेला.

गाळ नव्हता. परसराम त्या सोमवारी आला होता. फावडं घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवलं.