घरच्या चार सऱ्या

माझा धाकटा भाऊ देवगाव रंगारीला वांगी करतो. विहिरीकडच्या चार सऱ्यांवर तो औषध मारत नाही, त्या घरच्या. बाकीचं रान बाजाराचं. आमच्याकडे बहुतेकांचं असंच असतं. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

शहरात माझ्या शेजारी एक मावशी राहतात, आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाई, बाजार की सब्जी पे दवा मारते. मेरी बेटी के वास्ते तुमच्या घरची आणा ना."

रविवारी मी घरच्या सऱ्यांत शिरलो. एकाआड एक वांगं किडकं. ही लोकांच्या दारात कशी न्यायची? दुसऱ्याला द्यायचं ते निवडून चांगलं, असंच आम्हाला वळण. मी बाजाराच्या रानातली चकचकीत वांगी तोडली.

"दादा, परवाच फवारलंय ते," भाऊ म्हणाला.

"धुऊन घेतील."

"मग वहिनीला बी हीच ने की!"

तो हसला. मी आमच्या पिशवीत किडकीच भरली.

खाला वांगी पाहून खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी लेकीला उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत होतं असं. संध्याकाळी ती बरी होती. वांग्यांमुळे झालं की नाही, मला आजही ठाऊक नाही. नसेलही.

तरी तीन दिवसांनी मी खालांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी विचारलं,

"तुम्ही घरी कोणती खाल्ली?"

"किडकी."

"किडकी आणली असती तर मीच म्हटलं असतं, भाईने कचरा लाके दिया," त्या म्हणाल्या. "लेकिन सांगायचं तर होतं ना."

मोकळं वाटायला हवं होतं. पण त्याच रविवारी त्याच रानातली वांगी मी भावाबरोबर कॅरेटात भरून टेम्पोत चढवली होती. ती याच शहरात आली. कुणाच्या घरी गेली असतील? तिथं कुणाची लेक माहेरी आली असेल का? खालांची माफी मी त्यांच्या लेकीसाठी मागितली, की केवळ त्यांचं दार मला माहीत होतं म्हणून?

भावाला फोन करून म्हणालो, सगळंच रान बिनऔषधाचं ठेवू या.

"ठेवू की," तो म्हणाला. "पण किडकं घेतंय कोण? तूच नाय नेलं खालाला."