काचेच्या खोलीचं छप्पर

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या घराच्या ओट्याला सासऱ्यांनी तिन्ही बाजूंनी काचा लावून, वर पत्रे टाकून एक खोली केली होती. गल्लीत तशी कुणाचीच नव्हती, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी तीच दाखवायचे. आत त्यांच्या शोभेच्या क्रोटनच्या कुंड्या. ऐन पौषात माझी दुसरी मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, आणि विटाळ घरभर नको म्हणून सव्वा महिन्यासाठी माझी बाज त्या कुंड्यांच्या रांगेत टाकली. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या खानदेशात घर बांधतात ते उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. पत्रा तापू नये म्हणून त्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, अंथरलेल्या. गरम हवा निघून जावी म्हणून पत्रा आणि भिंतीमध्ये वीतभर फट. वैशाखात उत्तम सोय. पण पौषातही ना पऱ्हाट्या निघाल्या, ना फट बुजली. दिवसभर ऊन पत्र्याला शिवत नसे, आणि बाजेखालच्या शेगडीची ऊब फटीतून पळून जाई. सकाळी पत्र्याला आतून घाम सुटायचा, त्याचे थेंब बाळाच्या दुपट्यावर पडायचे. मुलीचे तळपाय गार, निळसर. ती नीट रडतही नव्हती, आणि ही हातातून जाते की काय, या धास्तीनं मला घास गिळवत नव्हता.

"आबा, छपराचं काहीतरी करा," मी सासऱ्यांना म्हटलं. त्यांनी केलं. गडी बोलावून आणखी एक गाडीभर पऱ्हाट्या वर टाकल्या! खोली होती त्याहून गार झाली. शिवाय शेगडीही काढायला लावली, कारण काय, तर धुरानं काचा काळ्या होतात. आणि क्रोटन गारठू नयेत म्हणून रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं त्यांना गोणपाट गुंडाळायचे, नातीच्या शेजारी उभं राहून. माझा नवरा मान खाली घालून ऑफिसला जायचा.

मग रावेरहून माझे वडील बाळाला बघायला आले. त्यांचं सगळं आयुष्य केळीचं पॅकिंग करून ट्रक भरण्यात गेलेलं. त्यांनी बाळाच्या पायाला हात लावला आणि वर पाहिलं.

"वरतून ऊन बंद अन् बाजूनं भोक उघडं. खोली तपीन कशी, माय?"

दोन दिवसांनी ते एस.टी.च्या टपावर केळीच्या वाळक्या पाल्याचे गठ्ठे घालून परत आले. पऱ्हाट्या खाली ओढल्या. फटीत पाला ठासला. पत्र्याखाली गोणपाट ताणून बांधलं आणि मधल्या जागेत पाला भरला. सासरे दारात उभे राहून तणतणत होते. "बंगल्याला झोपडीचं छत? लोक काय म्हणतील?"

"आबा," वडील शिडीवरूनच म्हणाले, "मी केळाले बी असं उघडं धाडत नाही. हे तं तुमची नात हाये."

शेवटी गोणपाट कमी पडलं. मी बाजेवरून उठले आणि क्रोटनचं सोडून त्यांच्या हातात दिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची पगडीच उडवली.

वडील रावेरला परत गेले. पत्रा आता दिवसभर तापायचा, काचांतून ऊन यायचं, आणि ती ऊब संध्याकाळपर्यंत आत टिकायची. तिसऱ्या दिवशी मुलगी पहिल्यांदा पोटभर प्यायली आणि खणखणीत रडली. तिच्याबरोबर मीही रडले.

त्याच संध्याकाळी सासरे आत आले, खुर्ची ओढून बसले, छताकडे बघत हात चोळले. म्हणाले, "बरं वाटतंय इथं. उद्यापासून माझं अंथरूण इथं घाला. बाळंतिणीला मागच्या पडवीत हलवा." माझा सव्वा महिना संपायला अजून तीन आठवडे होते, आणि ज्या विटाळापायी मला इथं टाकलं होतं तो त्यांना एकाएकी आठवेनासा झाला होता.

"पडवीत तुम्ही जा, आबा," मी म्हणाले. "क्रोटन घेऊन जा."

घरात कुणी त्यांना असं बोललेलं नव्हतं. ते उभे राहिले, नवरा दारात येऊन उभा राहिला. मुलीचा कोमट तळपाय माझ्या मुठीत होता. मी बाजेवरून हलले नाही.